अनेक ठिकाणच्या नेटवर्कसाठी आयपीव्ही६ पत्त्यांची आखणी: /४८, हब, व्हीलॅन आणि यूएलए

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन डेटा सेंटर, सहा मोठी ऑफिसं आणि नव्वद शाखा असलेल्या संस्थेला स्वतःचा आयपीव्ही६ ब्लॉक (पत्त्यांचा सलग गट) घ्यायचा आहे. सध्या सगळीकडे १०.०.०.०/८ मधले, म्हणजे आयपीव्ही४ चे खासगी पत्ते आहेत. शाखा चार हबना (शाखांच्या लिंक जिथे एकत्र येतात त्या ठिकाणांना) जोडलेल्या आहेत आणि त्यांच्याखाली अनुक्रमे ३१, २४, २० आणि १५ शाखा येतात. ब्लॉक किती मोठा मागावा, शाखेला /४८ द्यावं की /५६, व्हीलॅनचा (स्विचवर वेगळ्या केलेल्या लॅनचा) नंबर पत्त्यात घालावा का आणि आतल्या वापरासाठी यूएलए (आयपीव्ही६ चे खासगी पत्ते) घ्यावेत का, असं विचारलं आहे. (तिरक्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत ते; या ठरलेल्या भागाला प्रीफिक्स म्हणतात. आकडा लहान तितका ब्लॉक मोठा.)

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. पत्त्याच्या बिटमध्ये जी माहिती बसवाल ती दहा-पंधरा वर्षांनीही खरी असेल का, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा. लिंक कोणत्या हबवर उतरते, ही माहिती टिकते. शाखा कोणत्या व्यवस्थापकाच्या अखत्यारीत येते, तिथे कोणतं खातं बसतं, स्विचवर आज कोणता व्हीलॅन नंबर आहे, ही माहिती टिकत नाही. पत्त्यांच्या योजना बहुतेक जागा कमी पडल्यामुळे मोडत नाहीत. आकड्यांना दिलेला अर्थ दोन वर्षांत खोटा ठरतो, मग अपवादांची यादी वाढत जाते आणि शेवटी योजनेकडे कुणी बघतच नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. आयपीव्ही४ मध्ये आपण मशीन मोजतो: चाळीस मशीन आहेत, म्हणजे /२६ पुरेल. आयपीव्ही६ मध्ये ही मोजणी सोडून द्यायची. लॅन म्हटली की /६४, मग तिच्यावर दोन प्रिंटर असोत की दोन हजार फोन. मोजायच्या त्या लॅन आणि साइट. पहिल्यांदा योजना करणाऱ्यांचा हात इथेच अडखळतो. एका लॅनला १८ अब्ज अब्ज पत्ते देणं उधळपट्टी वाटते आणि कुणीतरी /१२० सुचवतं. ते करू नका. मशीन स्वतःचा पत्ता स्वतः तयार करते ती पद्धत, म्हणजे स्लॅक, ६४ बिटचा उत्तरार्ध धरूनच चालते. लॅन /१२० केली की ती बंद पडते. मग डीएचसीपीव्ही६ (सर्व्हरने पत्ते वाटण्याची पद्धत) वरून पत्ते वाटू म्हणाल, तर अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ सर्व्हरकडून असा एकेक पत्ता घेत नाहीत, त्यामुळे तुमच्या वायफायवरचे कितीतरी फोन आयपीव्ही६ शिवाय राहतील. आणि पत्ते संपण्याची धास्ती असेल तर एवढं लक्षात घ्या: सध्या जगभर वाटप चालू आहे ते २०००::/३ या भागातून, म्हणजे एकूण जागेच्या फक्त एक अष्टमांशातून.

आता /४८ की /५६. २००१ सालच्या आरएफसी ३१७७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) मध्ये घर असो की कारखाना, जवळपास सगळ्यांना सरसकट /४८ द्या अशी शिफारस होती. २०११ च्या आरएफसी ६१७७ ने ती मागे घेतली आणि गरज बघून द्या, एवढंच सांगितलं. तेव्हापासून घरगुती जोडणीला /५६ देण्याची पद्धत रुळली. पण ते झालं सेवा पुरवणाऱ्यांचं गणित. स्वतःचा ब्लॉक असलेल्या संस्थेने प्रत्येक साइटला /४८ द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, मग शाखेत पाचच लॅन का असेनात. कारण असं की इंटरनेटच्या मुख्य राउटिंग टेबलमध्ये (कोणत्या पत्त्यांकडे कोणत्या मार्गाने जायचं याच्या यादीत) /४८ पेक्षा लहान तुकडा बहुतेक ठिकाणी स्वीकारला जात नाही. उद्या एखाद्या शाखेचा इंटरनेट तिथल्या तिथे द्यायचा ठरला, किंवा ती शाखा वेगळी कंपनी झाली, तर /४८ स्वतंत्रपणे जाहीर करता येतं आणि /५६ हाताशी असून उपयोगाचं नसतं. शिवाय सगळ्या साइट सारख्या मापाच्या असल्या की स्क्रिप्ट, टेम्प्लेट आणि रात्री फोनवर असलेल्या माणसाचं डोकं, तिघांनाही सोपं जातं.

किती मागावं हे तुमच्या प्रादेशिक रजिस्ट्रीच्या (पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या) नियमांवर आहे. उदाहरणार्थ, उत्तर अमेरिकेचं काम पाहणाऱ्या एरिनचा हिशेब सरळ साइटच्या संख्येवर चालतो: १३ ते १९२ साइट असतील तर /४०, त्यापुढे ३,०७२ पर्यंत /३६. तुमच्या ९८ साइट म्हणजे तिथे /४०. इतर रजिस्ट्रींचे निकष आणि कागदपत्रं वेगळी असतात, पण साइटची यादी आणि जोडणीचा नकाशा तयार ठेवलात तर कुठेही बोलणं सोपं जातं. खाली /४० धरूनच चालतो, कारण खरी कसरत त्यातच आहे.

/४० मध्ये २५६ /४८ बसतात. ९८ साइटना हे भरपूर दिसतं. पण आयपीव्ही६ मध्ये सीमा चार-चार बिटवर, म्हणजे निबलवर, ठेवायची शिस्त आहे. कारण एक हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ यांपैकी एक) म्हणजे चार बिट. सीमा अंकाच्या कडेवर आली की पत्ता नुसता वाचून कळतो आणि रिव्हर्स डीएनएसचे (पत्त्यावरून नाव शोधण्याच्या यंत्रणेचे) झोनही नेमके अंकावर तुटतात. ही शिस्त तंतोतंत पाळून हबना एकेक /४४ दिलात तर प्रत्येकी १६ साइट मिळतात. पहिल्या हबखाली ३१ शाखा आहेत, त्या बसत नाहीत. चौथ्याखाली १५ आहेत, त्या जेमतेम बसतात आणि आणखी एक उघडली की संपलं. इथे पुष्कळ जण मोठ्या ब्लॉकसाठी रजिस्ट्रीशी हुज्जत घालायला जातात. त्याची गरज नाही. निबलची शिस्त साइटच्या आणि लॅनच्या कडेला कडक पाळा आणि हबच्या गटाला थोडी ढील द्या.

समजा तुम्हाला २००१:डीबी८:४५००::/४० मिळालं. (२००१:डीबी८::/३२ हा भाग लेख आणि पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, तुमचा खरा ब्लॉक वेगळा असेल.) तिसऱ्या गटातले शेवटचे दोन हेक्स अंक म्हणजे साइटचा क्रमांक. त्यातल्या पहिल्या अंकाचं वाटप मी असं करेन:

० – बॅकबोन: राउटरचे लूपबॅक (राउटरचे स्वतःचे कायमचे पत्ते), आपसातल्या लिंक
१ – डेटा सेंटर
२ – मोठी ऑफिसं (३ मोकळा)
४ ते ७ – पहिला हब, ६४ जागा
८ आणि ९ – दुसरा हब, ३२ जागा (ए आणि बी मोकळे)
सी आणि डी – तिसरा हब, ३२ जागा
ई आणि एफ – चौथा हब, ३२ जागा

४ ते ७ म्हणजे एक अखंड /४२, बाकी जोड्या म्हणजे /४३. गट निबलवर तुटत नसले तरी वाचताना अडचण येत नाही: ४५ नंतर ६ दिसला की पहिला हब. दुसऱ्या हबला ३२ जागा कमी पडल्या तर शेजारचे ए आणि बी जोडून ८ ते बी असं पूर्ण /४२ होतं, जुन्या शाखांना हातही लावावा लागत नाही. गट नेहमी दोनच्या घातांकाच्या मापाचा आणि त्या मापाच्या कडेवर सुरू होणारा असावा. ५ ते ८ असा चारांचा गट केलात तर तो एका प्रीफिक्समध्ये लिहिता येणार नाही आणि फायरवॉलमध्ये एका ओळीच्या तीन ओळी होतील.

शाखांना क्रमांक ओळीने द्या: ४५४०, ४५४१, ४५४२. मध्ये फटी ठेवायची काहीच गरज नाही, कारण एका /४८ मध्ये ६५,५३६ लॅन मावतात आणि शाखा कधीही त्याबाहेर वाढणार नाही. फटी ठेवायच्या त्या डेटा सेंटरमध्ये. पहिल्याला ४५१०, दुसऱ्याला थेट ४५१८. दोघांपुढे सात-सात जागा रिकाम्या राहतात आणि प्रत्येकाचं /४५ पर्यंत वाढणारं स्वतंत्र कुंपण तयार होतं. उरलेल्या जागेच्या मधोमध पुढचं वाटप करत जाण्याची ही पद्धत २००३ च्या आरएफसी ३५३१ मध्ये नीट मांडली आहे. डेटा सेंटरची भूक खरंच मोठी असते. क्युबरनेटीस (अनेक सर्व्हरवर, म्हणजे नोडवर, ॲप्लिकेशन चालवणारी प्रणाली) आयपीव्ही६ मध्ये दर नोडला डीफॉल्टने एक पूर्ण /६४ देतो. दोनशे नोडच्या एका क्लस्टरला /५६ सुद्धा जेमतेम पुरतं. म्हणून क्लस्टरसाठी /५२ किंवा सरळ स्वतंत्र /४८ बाजूला काढा. इथे हात आखडता घेतला तर चालू क्लस्टरचे पत्ते बदलण्याची वेळ येते, आणि ते काम अतिशय त्रासाचं असतं.

हबप्रमाणे गट पाडले म्हणून बॅकबोनमध्ये हबचा एकच एकत्र मार्ग जाहीर करण्याचा मोह होईल. ९८ साइटसाठी तो टाळा. समजा पहिला हब ४ ते ७ चं /४२ जाहीर करतोय आणि एका शाखेची त्या हबकडची लिंक तुटली. शाखा दुसऱ्या हबमार्गे चालू आहे, पण /४२ चा मार्ग सगळी रहदारी पहिल्या हबकडेच ओढतो आणि ती तिथे टाकून दिली जाते. दुसऱ्या हबने त्या शाखेचं /४८ कायम जाहीर केलं, तर लांब (जास्त नेमका) प्रीफिक्स जिंकतो आणि लिंक धडधाकट असतानाही रहदारी आडवळणाने जाते. ९८ मार्ग आजच्या कोणत्याही राउटरला काहीच नाहीत. सगळी /४८ जशीच्या तशी फिरू द्या, दोन्ही हबकडून वेगवेगळ्या मेट्रिकने (मार्गाची पसंती ठरवणाऱ्या आकड्याने). एकत्रीकरण करायचं ते बाहेर, इंटरनेटच्या तोंडाशी: दोन्ही डेटा सेंटरमधून पूर्ण /४० जाहीर करा. मग हबचे गट कशाला, असं विचाराल. फायरवॉलच्या नियमांसाठी, हबवरून स्वतंत्र इंटरनेट घ्यायचा झाला तर त्या तुकड्यासाठी, आणि लॉग वाचणाऱ्या माणसासाठी. एवढं पुरेसं आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक साइटच्या राउटरवर पहिल्या दिवसापासून करा: त्या साइटच्या संपूर्ण /४८ साठी डिस्कार्ड मार्ग, म्हणजे नेमकी लॅन माहीत नसेल तर पॅकेट तिथेच टाकून द्यायचा मार्ग. शाखेत ६५,५३६ पैकी आठ लॅन वापरात असतात. बाकीच्यांपैकी एखाद्या पत्त्यावर कुणी पॅकेट पाठवलं की हब ते शाखेकडे ढकलतो, शाखेच्या राउटरला अशी लॅन माहीत नसते म्हणून तो डीफॉल्ट मार्गाने परत हबकडे पाठवतो. हॉप लिमिट (किती राउटर ओलांडता येतील याची मर्यादा) संपेपर्यंत ते पॅकेट लिंकवर हेलपाटे घालत राहतं. बाहेरून कुणी सबनेट चाचपायला लागलं की शाखेची छोटी लिंक या हेलपाट्यांनीच भरून जाते. एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ टेम्प्लेटमध्ये नसली की राहून जाते.

साइटच्या आतल्या चार हेक्स अंकांपैकी पहिला अंक लॅनच्या प्रकारासाठी ठेवा: ० नेटवर्कची स्वतःची यंत्रणा, १ कर्मचारी, २ फोन, ३ पाहुण्यांचं वायफाय, ४ सर्व्हर, ५ कॅमेरे आणि इमारतीतली यंत्रणा. ६ ते एफ मोकळे सोडा, पुढे काय येईल ते आज ठाऊक नसतं. उरलेले तीन अंक मजला आणि क्रमांकासाठी. म्हणजे २००१:डीबी८:४५४२:३०१०::/६४ दिसलं की पहिल्या हबखालच्या ४२ क्रमांकाच्या शाखेतलं पाहुण्यांचं वायफाय, हे तक्ता न उघडता कळतं. मोठ्या ऑफिसात हीच घडी कायम ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळी करू नका.

यावर सुरक्षेचं काम पाहणारे हमखास एक हरकत घेतात: सगळ्या शाखांच्या पाहुण्यांच्या वायफायसाठी एकच प्रीफिक्स हवा, म्हणून प्रकाराचा अंक साइटच्या आधी आणा. हरकत रास्त आहे. तसं केलं तर फायरवॉलवर सुटसुटीत नियम होतो, पण प्रत्येक शाखेचे पत्ते पाच-सहा ठिकाणी विखुरतात, शाखेचं स्वतःचं अखंड /४८ उरत नाही आणि तिला स्वतंत्र इंटरनेट देण्याची सोय जाते. मी आधी ठिकाण, मग प्रकार या क्रमावर ठाम आहे. ९८ प्रीफिक्सचा ऑब्जेक्ट ग्रुप (फायरवॉलमधली नाव दिलेली यादी) पत्त्यांच्या नोंदवहीतून स्क्रिप्टने तयार होतो आणि नवी शाखा आली की आपोआप वाढतो. राउटिंगमधली विस्कळीत मांडणी अशी स्क्रिप्टने सुटत नाही.

व्हीलॅनचा नंबर पत्त्यात घालावा का? नको. १२० हा नंबर ०१२० असा लिहिला तर वाचायला छान वाटतं, पण त्यात चारही अंक खर्च होतात, प्रकाराच्या अंकाला जागा राहत नाही आणि जवळजवळचे व्हीलॅन प्रीफिक्समध्ये एकत्र येतीलच असं नाही. हेक्समध्ये रूपांतर करून तीन अंकांत बसवला तर तो वाचून कळत नाही, म्हणजे हेतूच फसतो. शिवाय दोन स्विच जोडताना, ऑफिस हलवताना व्हीलॅनचे नंबर बदलतात. शाखांमध्ये व्हीलॅन आधीपासूनच सगळीकडे सारखे असतील तर लॅनच्या प्रकारावरून दोन्ही आकडे ठरवा आणि त्यांची जोडी नोंदवहीत लिहून ठेवा.

राउटर ते राउटर लिंकला /१२७ द्या. २०११ चा आरएफसी ६१६४ हेच सांगतो. /६४ ठेवलं तर बाहेरचा माणूस त्या लिंकच्या न वापरलेल्या पत्त्यांवर मारा करून राउटरची नेबर टेबल (शेजारच्या मशीनची यादी) भरून टाकू शकतो. पण नोंदवहीत प्रत्येक लिंकसाठी पूर्ण /६४ राखून ठेवा आणि त्यातलं फक्त एक /१२७ वापरा. लूपबॅक सगळे /१२८, ४५०० मधल्या एकाच /६४ मधून. म्हणजे राउटर व्यवस्थापनाचे सगळे नियम एका ओळीत येतात.

यूएलएबद्दल मी जरा आग्रहाने लिहितो, कारण आयपीव्ही४ मधल्या खासगी पत्त्यांची सवय इथे फार नडते. आयपीव्ही४ सुरू ठेवून आतल्या सर्व्हरना फक्त यूएलए दिलेत, तर बहुतेक मशीन ते वापरणारच नाहीत. कोणता पत्ता आधी घ्यायचा याचा डीफॉल्ट तक्ता २०१२ च्या आरएफसी ६७२४ मध्ये आहे; त्यात आयपीव्ही४ चं प्राधान्य ३५ आणि यूएलएचं ३. सर्व्हरच्या नावाला दोन्ही पत्ते असले की मशीन आयपीव्ही४ निवडते, आणि तुम्ही महिनोन्‌महिने आयपीव्ही६ चालू आहे असं समजत राहता. स्वतःचा ब्लॉक मिळतोय तर आतही तोच वापरा. संरक्षण फायरवॉलचे नियम देतात, पत्ता खासगी असल्याने ते मिळत नाही. इंटरनेटशी कधीच जोडायची नाही अशी कारखान्यातली यंत्रणा असेल तर यूएलए जरूर घ्या, पण त्यातले ४० बिट खरोखर यादृच्छिक ठेवा. आरएफसी ४१९३ मध्ये ती अट आहे. सोपं दिसतं म्हणून शून्यं भरणाऱ्या दोन कंपन्या एकत्र आल्या की पत्ते आदळतात, आणि १०.०.०.०/८ चा जो मनस्ताप टाळायचा होता तोच नव्याने सुरू होतो.

शाखेत स्वस्त ब्रॉडबँड असेल आणि पुरवठादार स्वतःचं /५६ देत असेल, तर ते फक्त हबकडे जाणाऱ्या बोगद्याच्या (टनेलच्या) बाहेरच्या बाजूला, राउटरच्या तोंडापर्यंत वापरा. आतल्या लॅनवर तुमचं /४८ च राहू द्या. म्हणजे पुरवठादार बदलला किंवा त्याने प्रीफिक्स बदललं तरी शाखेतल्या एकाही मशीनला कळत नाही.

नोंदवहीसाठी नेटबॉक्ससारखं (पत्त्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) काहीतरी पहिल्या शाखेआधीच उभं करा. स्प्रेडशीटमध्ये एकच पत्ता तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: कुणी सगळी शून्यं लिहितं, कुणी मोठी अक्षरं वापरतं, कुणी दुसऱ्याच जागी शून्यं मिटवणारे दोन कोलन (::) टाकतं. मग लॉगमध्ये शोध घेतला की काहीच मिळत नाही. आरएफसी ५९५२ ने लिहिण्याची एकच पद्धत ठरवून दिली आहे: अक्षरं लहान, पुढची शून्यं गाळलेली, शून्यांची सगळ्यात लांब ओळ मिटवलेली. साधन ती पद्धत स्वतः पाळतं, माणसांना आठवण करून द्यावी लागत नाही.

योजना पक्की करण्याआधी कागदावर एक प्रसंग चालवून बघा: दुसऱ्या हबखालची शाखा कायमची तिसऱ्या हबवर गेली. तुमच्या योजनेनुसार तिचे पत्ते आता चुकीच्या गटात आहेत. ते बदलू नका. बॅकबोनमध्ये सगळी /४८ स्वतंत्रच फिरत असल्यामुळे राउटिंग आपोआप बरोबर होतं. नोंदवहीत त्या शाखेसमोर नवा हब लिहा आणि हबच्या तुकड्यावर आधारलेल्या फायरवॉल नियमांत ते एक /४८ वेगळं जोडा. असे पाच-दहा अपवाद सहज पेलतात. एखाद्या हबखालच्या निम्म्या शाखा हलल्या, तरच रिकाम्या ठेवलेल्या ए आणि बी मधून त्यांना नवे क्रमांक द्या. जुना आणि नवा प्रीफिक्स काही आठवडे शेजारी चालवा, जुन्याचा पसंतीचा काळ (प्रीफर्ड लाइफटाइम, नव्या जोडण्यांसाठी तो वापरण्याची मुदत) शून्यावर आणा, आणि नेटफ्लोमध्ये (राउटरने ठेवलेल्या रहदारीच्या नोंदीत) त्याच्यावरची रहदारी थांबलेली दिसली की मगच तो काढा.